पिस्ता रंगाची भिंत आणि काशिनाथचं तळघर

शेजारी तळघर खणायला लागला की माती त्याच्या दारात साठते आणि गोष्टी आपल्या दारात. माती उचलायला ट्रक तरी येतो. गोष्टी कोण नेणार? त्या चक्कीवाल्या बापूच्या ओट्यावर चहासोबत सांगायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायच्या, आणि तिसऱ्या दिवशी बापूच त्या आपल्याला सांगतो, तेही त्याच्या पदरची भर घालून. म्हणून म्हटलं, एकदा माझ्या तोंडूनच सगळं होऊन जाऊ द्या.

सुरतेत पर्वत पाटियाच्या अलीकडे आमची दुकानांची एक रांग आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. माझं ब्लाउजपीस, परकर आणि अस्तराचं दुकान. मागच्या खोलीत माझी माय राहते, कारण तिला जिना चढवत नाही. तिच्या खाटेमागची भिंत आणि काशिनाथची हद्द यांत हातभर बोळ होता. काशिनाथ माझा भाऊबंद. एकाच गावचे, एकाच आडनावाचे. खानदेशातून सुरतेला आलो तेही पुढेमागेच. तो मला भाऊ म्हणतो, मायला मोठी माय म्हणतो, आणि त्याने जुनं घर पाडून तळघरासकट नवं बांधायला काढलं, तेव्हा भूमिपूजनाचा नारळ त्याने माझ्याच हाताने फोडून घेतला.

तो नारळ सडका निघाला असता तर बरं झालं असतं. चांगला गोड निघाला.

*

पहिली तक्रार शटरने केली. सकाळी वर जायला कुरकुर, रात्री खाली यायला नकार. मी तेल घातलं. दोन दिवस चाललं, पुन्हा अडकलं. पुन्हा तेल. पलीकडे जेसीबी धडधडत होता, फळीवरचे अस्तराचे गठ्ठे थरथरत होते, आणि मी स्टुलावर चढून शटरला तेल पाजत होतो. माणसाला जे बघायचं नसतं ते तो तेलात बुडवून ठेवतो.

शेवटी माझी बायको मंगल जिन्यातून खाली आली. हातात कपड्यांचा ढीग.

"तेल संपलं का?"

"संपत आलं."

"मग थोडं मागच्या भिंतीसाठी ठेवा. तीपण कुरकुर करते आहे."

मी मागे गेलो. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघून मायच्या उशीच्या दिशेने तिरकी उतरली होती. नख आत जात होतं.

माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "ती कालनीच शे. तू तेल घाली ऱ्हायंता, म्हनीसन सांगं नही."

काल आलेली भेग. आणि मला सांगितलं नाही, कारण मी कामात होतो!

*

त्या संध्याकाळी ओट्यावर सगळेच वकील झाले. बापू म्हणाला, "सरळ पोलीस. पोलीस आले की जेसीबीवाला आधी पळतो." बापूला पोलिसांचा अनुभव एवढाच की एक हवालदार त्याच्याकडे बाजरी दळायला आणतो. पण त्या दिवशी कोणी काही बोललं तरी मला ते खरं वाटत होतं. गेलो.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग विचारलं, "कंई पड्युं?"

मी म्हटलं, नाही साहेब, अजून काही पडलं नाही.

"कोई ने वाग्युं?"

नाही, कोणाला लागलंही नाही.

"तो पडे एटले आवजो."

पडलं की या. माणूस चांगला होता. अर्ज घेतला, प्रतीवर शिक्का मारून दिला, हा दिवाणी मामला आहे, वकील करा, असंही सांगितलं. पण मी पायऱ्या उतरताना एकच विचार करत होतो. पडेल तेव्हा सांगायला यायचं कोणी? भिंतीच्या आणि माझ्या मधे माय झोपते.

*

मग महापालिकेचं झोन ऑफिस. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, आणि खोदताना शेजारची माती अडवायला काही केलंय का, हे तपासायला त्यांना लेखी सांगता येतं, असं मला कळलं होतं. मी अर्ज लिहून सकाळीच पोचलो. बाकावर गर्दी. तेवढ्यात कोणीतरी रुमाल टाकून धरलेली जागा थोपटून दाखवली.

"भाऊ, या, इथं बसा."

काशिनाथ. तो त्याच्या नकाशाच्या कसल्याशा सहीसाठी आला होता.

"तुम्ही कसे इकडे?"

"तुझ्याविरुद्ध अर्ज द्यायला."

"बरं," तो म्हणाला, "मग माझ्या आधी जा. माझ्या कामाला वेळ लागेल."

मी अर्ज दिला. पोच घेतली. बाहेर आलो तर हा थांबलेला. माझी स्कूटर त्या दिवशी मंगल भाचीकडे घेऊन गेली होती, आणि हे त्याला माहीत होतं. त्याच्याच गाडीवर मागे बसून घरी आलो. वाटेत मी विचारलं, "काशिनाथ, भिंतीकडची बाजू तरी आधी पत्रे-गर्डर लावून अडव ना."

"ठेकेदार म्हणतो गरज नाही."

"ठेकेदाराची माय झोपते का तिथे?"

त्यावर त्याने गाडी जरा जोरात पळवली.

*

वकील मेहताभाई भेटले ते मात्र योग्य वेळी. त्यांची खुर्ची जुनी, आवाज हळू. सगळं ऐकून म्हणाले, "शेठ, कोर्ट पडलेल्या भिंतीची भरपाई देऊ शकतं. पडलेली भिंत उभी करून देत नाही. उभी आहे तोवर आलात, हे चांगलं केलंत."

मग त्यांनी मला समजावलं ते मी आता ओट्यावर फुकट वाटतो. तुमची जमीन शेजारच्या जमिनीला टेकून उभी असते. तो टेका काढून घेऊन तुमचं घर धोक्यात घालायचा हक्क शेजाऱ्याला नसतो, मग त्याच्याकडे बांधकामाची मंजुरी असली तरी. म्हणून आधी फोटो, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसेल असे. मग इंजिनियरचा अहवाल. मग नोटीस. ऐकलं नाही तर दिवाणी कोर्टात मनाई हुकुमाची मागणी, आणि सोबत आणखी एक अर्ज, की कोर्टाने आपला माणूस पाठवून जागा बघून घ्यावी. त्या माणसाला कोर्ट कमिशनर म्हणतात.

"आणि एक," मेहताभाई म्हणाले, "भांडू नका. भांडलात की तो फौजदारी करेल, मग भिंत बाजूला राहील आणि तुम्ही दोघे चौकीत."

नोटीस गेली. इंग्रजीत, रजिस्टर पोस्टाने. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी गिऱ्हाइकाला अस्तराचे रंग दाखवत होतो, तर काशिनाथ दुकानात. हातात पाकीट.

"भाऊ, हे बघा ना जरा. इंग्रजीत आहे. कोणीतरी पाठवलंय."

इथे मला सांगायला हवं की काशिनाथची सगळी इंग्रजी कागदपत्रं आजवर मीच वाचून दिली. मी शाळेत सातवीपर्यंत, पण इंग्रजी मी गठ्ठ्यांवरच्या लेबलांवरून आणि बँकेच्या पत्रांवरून शिकलो. आमच्या रांगेत ते पुरतं.

गिऱ्हाईक बाई थांबली. मी चष्मा लावला आणि माझीच नोटीस त्याला वाचून दाखवली. 'माझ्या अशिलाच्या जीविताला आणि मालमत्तेला गंभीर धोका' इथे आलो. इंग्रजीत ते कागदावर होतं, मराठीत करताना मला मायची उशी दिसली.

काशिनाथने सगळं ऐकलं. पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

"आता याला उत्तर द्यावं लागेल ना?"

"हो. वकील कर."

"तुमचा कसा आहे?"

"चांगला आहे. पण तो माझा आहे."

*

नोटिशीआधी भिंत बघून गेलेल्या इंजिनियरने पुन्हा येऊन भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. "भिंत हलली तर काच तडकेल," तो म्हणाला. "तडकली की लगेच कळवा, आणि आजींना पुढच्या खोलीत हलवा."

आजी हलेनात. "नागपंचमी झाली की कानबाई बसनार. मी इथून उठले, तर तिले कोन सांभाळी?"

सुरतेत आमची माणसं कुठल्याही मिलमध्ये, कुठल्याही मार्केटमध्ये असोत, श्रावणात आमच्या खानदेशी देवीच्या, कानबाईच्या सणाला सगळे एका घरी. आमच्या भाऊबंदकीची कानबाई मायकडे बसते, त्याच भिंतीला पाठ लावून. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. रविवारी देवी बसते, सोमवारी तापीवर विसर्जन. उरलेले रोट पुढे पुनवेपर्यंत खायचे, पण भाऊबंदांतच. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही.

श्रावण लागला. पावसाने काशिनाथचा खड्डा गुडघाभर भरला. पंप लावून पाणी काढत, पुन्हा भरायचा. रात्री पाऊस वाढला की मी उठून टॉर्चने काचा बघायचो. एका पहाटे मधली काच तडकलेली दिसली. अगदी केसाएवढी रेघ. मी तिथेच मायच्या पायाशी बसून राहिलो. तिचा श्वास मोजत नव्हतो, पण ऐकत होतो.

तडकलेल्या काचेचे फोटो आणि इंजिनियरचा अहवाल लावून दावा दाखल झाला. काशिनाथच्या वकिलाने उत्तर दिलं, की घर जुनं, भेगा जुन्या, फोटो कुठल्याही भिंतीचे असू शकतात, आणि इंजिनियर वादीने पैसे देऊन आणलेला. कोर्टाने लगेच काम थांबवलं नाही. कमिशनर नेमली आणि जागा बघायला मंगळवार दिला. कानबाईच्या विसर्जनाचा दुसरा दिवस.

मेहताभाई खूश होते. "बाई कडक आहेत. जे दिसेल तेच लिहितील. आपल्याला एवढंच हवंय. तुमची भिंतच बोलेल."

*

त्या शुक्रवारी मला अस्तराचा माल बघायला पांडेसऱ्याला जावं लागलं, आणि मिलमध्ये उशीर झाला. परत आलो तर दुकानात रंगाचा वास.

कानबाई बसायच्या आधी घर रंगवायचं, ही आमच्यात रीत. खानदेशात चुना, सुरतेत प्लास्टिक पेंट. रीत मला माहीत होती. फक्त यंदा ती मागच्या खोलीपर्यंत पोचेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

भिंत पिस्ता रंगाची झाली होती. गुळगुळीत. खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत पुट्टी भरून, घासून, दोन हात मारलेले. भेग नव्हती. काचा नव्हत्या. प्लास्टरचे गोळेसुद्धा खरवडून काढलेले.

"काचा?" मी विचारलं.

"फुटलेल्याच होत्या की," मंगल म्हणाली. "देवीच्या मागे फुटकी काच ठेवायची का?"

माय खाटेवरून कौतुकाने बघत होती. "कशी शोभी ऱ्हायनी ना?"

मी मेहताभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेठ, समोरचा वकील तुमच्या घरात राहायला आलाय का?"

मी म्हटलं, पुट्टी खरवडून काढू का?

"हात लावू नका," ते पहिल्यांदाच जोरात बोलले. "आता खरवडलंत तर तो खोटा पुरावा होईल. मग फोटोही गेले, अहवालही गेला, तुमचा शब्दही गेला."

फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. तो कधी उचलला ते आठवत नाही. मंगलने तो काढून घेतला आणि गल्ल्यात टाकून किल्ली कमरेला लावली.

*

दुसऱ्या दिवशी गहू काढताना माय जात्यापाशी बसली आणि एकेक नाव घेऊ लागली. माझं घेतलं. पोरांची घेतली. मग न थांबता म्हणाली, "काशिनाथ." सव्वा मूठ.

मी म्हटलं, "माय, त्याच्यावर दावा आहे आपला."

"दावा कोर्टात. गहू कोर्टातून आनले का?"

रविवारी काशिनाथ सहकुटुंब आला. नवा सदरा, कपाळाला गुलाल. देवीच्या पाया पडला. गंगाफळाची भाजी आणि रोट दोनदा घेतले. मग हात धुऊन भिंतीपाशी उभा राहिला आणि सगळ्या भाऊबंदांसमोर वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला.

"वहिनी, काय भिंत केलीय. आरसा. आणि भाऊ कोर्टात सांगतात भेगा! अरे, रेघ तरी दाखवा कोणी."

लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार? देवीमागच्या त्या पिस्ता रंगाकडे मी आरतीभर बघत होतो. आत पुट्टीखाली भेग आहे आणि भेगेपलीकडे नुसता पाण्याने भरलेला खड्डा आहे, हे त्या खोलीत फक्त मला आठवत होतं. तापीवर सोमवारी सगळे वाजतगाजत गेले. काशिनाथने देवीचा पाट डोक्यावर घेतला होता. ठेकेदाराला मात्र त्याने सुट्टी दिली नव्हती. आम्ही नदीवर होतो तेव्हा जेसीबी हद्दीलगतचा शेवटचा पट्टा काढत होता.

परत आलो तेव्हा शटर उघडलंच नाही. जिन्याकडच्या दाराने आत गेलो.

*

मंगळवारी कमिशनर बाई आल्या. काळा कोट, हातात टेप, बोलणं कमी. मेहताभाई आले, काशिनाथचा वकील आला, काशिनाथ आला. सगळे मागच्या खोलीत. मी काही बोललो नाही, कारण मेहताभाईंनी सांगून ठेवलं होतं की तोंड उघडायचं नाही.

पिस्ता रंगावर खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघून देवी बसली होती त्या जागेपर्यंत आली होती. करंगळी आत जाईल एवढी. रंगाचे पापुद्रे दोन्ही काठांना तसेच उभे होते. खाली फरशीवर पिस्ता रंगाचा चुरा.

"जुनी भेग आहे, मॅडम," काशिनाथचा वकील म्हणाला. "आमच्या उत्तरात आहेच. घरच जुनं."

बाईंनी वाकून चुरा चिमटीत घेतला. "रंग कधीचा?"

"शुक्रवारचा," मंगल दारातून म्हणाली.

"असं त्या म्हणतात," वकील म्हणाला.

बाई काशिनाथकडे वळल्या. "तुम्ही शेजारी. एवढ्यात कधी आला होता या खोलीत?"

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली. काशिनाथ भेगेकडे बघत होता. पलीकडे जेसीबी सुरू होता आणि प्रत्येक धक्क्याला भिंतीतून थोडा चुरा खाली येत होता, मायच्या उशीवर.

तेवढ्यात माय उठली. फडताळातून ताटली काढली, त्यात उरलेला रोट ठेवला, वर गुळाचा खडा, आणि ताटली काशिनाथच्या हातात दिली.

"काशा, पहिले रोट खाय ले. मंग बोल."

त्याने तुकडा मोडला. तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. मग ताटली तशीच धरून म्हणाला, "रविवारी इथं रेघ नव्हती, बाई. मी सगळ्यांसमोर हात फिरवला होता."

बाईंनी लिहून घेतलं. त्याचा वकील खिडकीबाहेर बघू लागला. काशिनाथने उरलेला तुकडा तोंडात टाकला, डाव्या हाताने फोन काढला आणि ठेकेदाराला सांगितलं, "मशीन बंद कर. आधी टेकू आण. हो, आत्ताच."

पलीकडची धडधड थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

कमिशनर बाईंनी टेप गुंडाळली. काशिनाथच्या ताटलीकडे बघून जरा मोकळेपणाने म्हणाल्या, "छान वास येतोय. आम्हाला नाही का विचारत, आजी?"

मायने पदर सावरला, बाहेरच्यांशी बोलायची ती तिची ठेवणीतली मराठी काढली, आणि दोन्ही वकिलांसकट तिघांना हाताने बसायला सांगितलं.

"तुमच्यासाठी चहा टाकते. हे बाहेरच्यांना देत नाहीत."